कडब्याचा रिपोर्ट वाचताना

कडब्याची गाडी दारात उभी राहिली की जुना शेतकरी आधी एक पेंढी ओढून घेतो. बुडखा मोडून बघतो, पाने हातात चुरतात की मऊ लागतात ते पाहतो, ताटाचा तुकडा दाताखाली धरून गोडी घेतो, वास घेतो आणि मग भावाला बसतो. या पारखीला कोणी हसू नये. हैदराबादच्या कडबा बाजारात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या आणि इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी विक्रीला आलेल्या ज्वारीच्या कडब्याचे नमुने तपासले, तेव्हा ४७ टक्के पचनीयतेच्या कडब्यापेक्षा ५२ टक्केवाला कडबा सुमारे पाव हिस्सा चढ्या भावाने जात असल्याचे दिसले. घेणाऱ्या-विकणाऱ्यांपैकी कोणाकडे प्रयोगशाळेचा कागद नव्हता. पाच टक्क्यांचा फरक त्यांना हाताने आणि डोळ्याने कळत होता.

मग प्रयोगशाळा कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. कडब्याची पारख पिढ्यानपिढ्यांची आहे, पण आज गोठ्यात जे येते ते सगळे कडब्यासारखे ओळखीचे नाही. सोयाबीनचे भुसकट, उसाचे वाढे, तुरीचे भूस, डाळमिलची चुनी, इथेनॉलच्या कारखान्यातून येणारे डीडीजीएस, कुठल्या कुठल्या पेंडी. त्यात पेंड आणि चुनी म्हणजे चुराच. चुऱ्यात वाळू किती, युरिया किती, बुरशीचे विष किती, हे जिभेला सांगता येत नाही.

मी पशुआहाराच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली. येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचा एकच प्रश्न असे: "प्रोटीन किती निघालं?" आकडा ऐकला की कागदाची घडी खिशात. पिकांच्या अवशेषांच्या बाबतीत हाच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. म्हणून हा लेख.

नमुना

रिपोर्ट चुकतो तो बहुतेक वेळा प्रयोगशाळेत चुकत नाही, गंजीपाशी चुकतो. एकदा एका गृहस्थांनी पिवळ्याधमक, स्वच्छ कडब्याची एक पेंढी दुचाकीला बांधून आणली. रिपोर्ट उत्तम आला. त्या भरवशावर त्यांनी पूर्ण गंजी उचलली. महिन्याभरात तक्रार घेऊन आले की गाई तोंड लावत नाहीत. गंजीचा खालचा थर अवकाळीत भिजून काळा पडला होता आणि आमच्याकडे आली होती ती वरची पेंढी. रिपोर्ट खरा होता, पण एका पेंढीचा.

गंजीच्या चारही बाजूंनी, वरून, मधून आणि तळातून मिळून पंधरा-वीस पेंढ्या काढा. प्रत्येकीतली दोन-तीन ताटे बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अख्खी घ्या. नुसती पाने घेतलीत तर रिपोर्ट फुगेल, नुसते बुडखे घेतलेत तर पडेल. सगळ्याची कुट्टी करा, ताडपत्रीवर ढीग करून चांगली उलटीपालटी करा, पसरा आणि भाकरीसारखे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका. राहिलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. असे करत अर्धा ते एक किलो उरले की थांबा. ताडपत्रीवर खाली जी बारीक पूड उरते तीही त्या-त्या भागाबरोबर उचलायची. पानांचा चुरा तोच असतो, आणि ज्वारीत सत्त्व पानांत जास्त. भाताच्या पेंढ्यात मात्र हे उलटे आहे. तिथे पानांत सिलिका साचते आणि कांडी पानांपेक्षा बरी पचते. कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण पुस्तकांतून 'पानाळ वैरण चांगली' एवढेच सरसकट लिहिलेले असते.

पेंडीची पोती दहापर्यंत असतील तर सगळ्यांतून थोडी-थोडी काढा. तोंडाशी हात घालून मूठभर घेऊ नका. पोकळ सळई तळापर्यंत तिरपी खुपसून काढा, कारण वाहतुकीत बारीक माती आणि पूड खाली बसते. वाळलेला नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत द्या. वाढे किंवा मुरघास असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत दाबून, हवा काढून, घट्ट बांधून, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोहोचवा. दोन दिवस एसटीच्या पार्सलात उकडलेल्या मुरघासाचा रिपोर्ट हा त्या पार्सलाचा रिपोर्ट असतो.

सोबत चिठ्ठी द्या: पीक, वाण, काढणीची तारीख, पावसात भिजले का, कुठे साठवले, आणि जनावर दुधावर आहे की भाकड. ही चिठ्ठी वाचूनच प्रयोगशाळेतला माणूस कोणत्या तपासण्या कराव्यात ते सुचवू शकतो.

पाणी काढा, मग तुलना करा

कागद हातात आला की पहिली नजर ओलाव्यावर. नमुना साधारण १०० ते १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. जे उरते तो कोरडा पदार्थ, म्हणजे ड्राय मॅटर. कडब्यात तो ९० टक्क्यांच्या आसपास, ताज्या वाढ्यांत २५ ते ३० टक्के.

समजा, वाढ्यांच्या ओल्या नमुन्यात प्रथिने दीड टक्का निघाली आणि कडब्यात चार टक्के. वाढे भिकार वाटतील. पण वाढ्यांत कोरडा पदार्थ २८ टक्के असेल तर दीड भागिले ०.२८, म्हणजे सुमारे ५.४ टक्के. कडब्याचे चार भागिले ०.९, म्हणजे ४.४. चित्र उलटले. जनावर पाण्याने पोसत नाही, म्हणून सगळे आकडे कोरड्या पदार्थावर आणल्याशिवाय दोन वैरणींची तुलना करू नका. कागदावर कुठेतरी 'ऑन ड्राय मॅटर बेसिस' असे लिहिलेले असते; नसेल तर फोन करून विचारा.

एक बारीक गोष्ट. तंतू किंवा पचनीयता तपासायची असेल तर नमुना ६० ते ६५ अंशांवरच वाळवला पाहिजे. जास्त तापला तर प्रथिने आणि साखर एकमेकांना चिकटून तपकिरी होतात आणि लिग्निनचा आकडा खोटा वाढतो. घरी तव्यावर कोरडा करून आणलेला नमुना आम्ही परत पाठवत असू.

प्रथिनांचा आकडा

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची रीत बसवली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करून घ्यायचा, तो मोजायचा. फ्लास्कमधला काळा राडा हळूहळू निवळत जाऊन काचेसारखा स्वच्छ होतो. ते पाहायला अजूनही मजा येते. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. त्यालाच रिपोर्टवर 'क्रूड प्रोटीन' म्हणतात.

गोम इथेच आहे. ही रीत नायट्रोजन मोजते, तो कोठून आला ते विचारत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे १०० किलो युरिया कागदावर २८७ किलो प्रथिने दाखवतो. १६ टक्क्यांच्या हलक्या पेंडीत २ टक्के युरिया मिसळला की रिपोर्ट साडेएकवीसच्या आसपास जातो आणि ती सरकी पेंडीच्या भावाने विकता येते. म्हणून पेंड आणि गोळीखाद्य तपासताना क्रूड प्रोटीनबरोबर युरियाची तपासणी मागून घ्या. खर्च थोडा वाढतो, पण पाच-दहा पोत्यांवर तो काहीच नाही.

डीडीजीएसच्या बाबतीत आणखी एक मेख. मक्याच्या डीडीजीएसमध्ये २७ ते ३० टक्के प्रथिने असतात, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये त्याहून बरीच जास्त. पण ड्रायरमध्ये माल जळला असेल तर त्यातली बरीच प्रथिने तंतूंना चिकटून बसतात. गाईच्या एका टोकातून आत जातात आणि दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात. केल्डालला ती प्रथिनेच दिसतात. सोनेरी-पिवळा, भाजक्या मक्याच्या वासाचा माल बरा; कॉफीसारखा काळपट आणि करपट वासाचा असेल तर 'एडीएफमध्ये', म्हणजे कठीण तंतूत, अडकलेला नायट्रोजन तपासून घ्या.

आणि कडबा, गव्हांडा, पेंढा? यांत प्रथिने तीन ते पाच टक्केच निघायची. ती पाहून नाक मुरडण्यात अर्थ नाही, कारण यांना प्रथिनांसाठी कोणी घेत नाही. एवढेच लक्षात ठेवा की एकूण आहारात प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली तर कोठीपोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते. मग वैरण पचत नाही, पोट रिकामे होत नाही आणि जनावर खाणे कमी करते. भुईमुगाचा पाला याला अपवाद. चांगला वाळवलेला, पाने न गळलेला पाला १० टक्क्यांच्या पुढे जातो.

तंतू: खरी गोष्ट इथे आहे

जुन्या रिपोर्टांत 'क्रूड फायबर' नावाची ओळ असते. जर्मनीतल्या वेंडे येथे हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी १८६० च्या दशकात बसवलेली ही पद्धत. आधी आम्लात उकळायचे, मग अल्कलीत, उरले ते तंतू. काळाच्या मानाने थोर काम. पण उकळताना लिग्निन आणि हेमिसेल्युलोजचा बराच भाग विरघळून निघून जातो आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत, 'नायट्रोजनविरहित अर्क' या भारदस्त नावाखाली, पचणाऱ्या साखर-पिठाच्या पंक्तीला जाऊन बसतो. कडब्याच्या रिपोर्टवर ४५ टक्के 'पिष्टमय पदार्थ' पाहून हरखून जाणारे मी पाहिले आहेत. त्यात पिष्ट नावालाच असते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी डिटर्जंटच्या द्रावणात उकळायची पद्धत आणली आणि हा घोळ मिटला. म्हणून प्रयोगशाळेत स्पष्ट सांगा: एनडीएफ, एडीएफ आणि लिग्निन हवे. एनडीएफ म्हणजे पेशीभित्तिकेचा सगळा तंतू. ती पोट किती भरते याची खूण. एडीएफ म्हणजे त्यातला सेल्युलोज आणि लिग्निनचा कठीण भाग. लिग्निन म्हणजे लाकूड. ते स्वतः पचत नाहीच, शेजारच्या सेल्युलोजलाही जिवाणूंपासून झाकून ठेवते.

एनडीएफचा गोठ्यातला उपयोग असा. गाय आपल्या वजनाच्या साधारण १.२ टक्का एनडीएफ दिवसाला रिचवते. ४०० किलोची गाय म्हणजे ४.८ किलो. वैरणीचा एनडीएफ ६८ टक्के असेल तर तिच्या पोटात त्या वैरणीचा सात किलोंच्या आसपास कोरडा पदार्थ मावेल. ८० टक्के असेल तर सहा किलो. एक किलो वैरण कमी गेली की दूध का आटले, याचे कोडे पुष्कळदा इथे सुटते.

सोयाबीनच्या भुसकटाकडे आता या नजरेने बघा. प्रथिने कडब्याएवढी किंवा जरा जास्त, भाव कमी, त्यामुळे मराठवाड्यात ढिगांनी साठवले जाते. पण त्यात लिग्निन कडब्याच्या दुपटीहून जास्त असू शकते. शेंगांची टरफले मऊ असतात आणि जनावर ती निवडून खाते. काड्या मात्र गव्हाणीत तशाच उरतात. म्हणून मळणीयंत्राच्या मागे पडलेल्या भुसकटात टरफल किती आणि काडी किती हे पाहूनच भाव करा. दोन्हींचा नमुना वेगवेगळा पाठवलात तर रिपोर्ट पाहून चकित व्हाल.

कोठीपोट काचेच्या नळीत

रसायनांनी तंतू मोजता येतात, पण ते गाईला पचतील का हे गाईच्या पोटातल्या जिवाणूंनाच विचारावे लागते. १९६३ साली इंग्लंडात टिली आणि टेरी यांनी ही सोय केली: ४८ तास कोठीपोटातला रस, मग ४८ तास आम्ल आणि पेप्सिन, आणि शेवटी उरले किती त्याचे वजन. १९७९ मध्ये जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात मेंके आणि सहकाऱ्यांनी वायू मोजायची रीत बसवली. ती आपल्याकडे जास्त रुळली, कारण तीत एका वेळी पुष्कळ नमुने लावता येतात.

सकाळी चारापाण्याआधी फिश्चुला केलेल्या बैलाच्या, म्हणजे कुशीत कायमची झडप बसवलेल्या बैलाच्या, कोठीपोटातला रस काढतात. थर्मास आधी गरम पाण्याने शेकून घेतलेला असतो. रस चार पदरी मलमलीतून गाळायचा, वर कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचा, कारण हे जिवाणू हवेत मरतात. आंबूस, शेणापेक्षा गोडसर असा वास दिवसभर हाताला राहतो. साबणाने जात नाही. १०० मिलिलिटरच्या मोठ्या काचेच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम नमुना आणि रस भरून ती ३९ अंशांवर ठेवायची. जिवाणू खायला लागले की वायू होतो आणि दट्ट्या वर सरकतो. २४ तासांनी मक्याच्या भरड्याचा दट्ट्या साठीच्या वर गेलेला असतो आणि गव्हांड्याचा पंचवीस-तीसच्या घरात रेंगाळत असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या शेतकऱ्याला यापेक्षा वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बैलाचा रस रोज सारखा नसतो. म्हणून प्रत्येक खेपेला एक ओळखीचा प्रमाण नमुना लावतात आणि प्रत्येक नमुन्याच्या तीन सिरिंज. प्रयोगशाळा ही काळजी घेते का, हे विचारायला संकोच करू नका. एनआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने नमुना वाचणाऱ्या यंत्रावर हेच आकडे दोन मिनिटांत मिळतात, मात्र ते यंत्र फक्त पूर्वी शिकवलेले ओळखते. तुमचा नमुना नव्या उपपदार्थाचा असेल आणि यंत्राच्या संचात तो कधी नसेल, तर आलेला आकडा अंदाजच समजा.

आकड्याचे रुपये

आता हिशेब. समजा कडबा किलोला १० रुपये आणि पचनीयता ५२ टक्के. सोयाबीनचे भुसकट ६ रुपये आणि ४० टक्के. दोन्हींत कोरडा पदार्थ ९० टक्के. गाईच्या पोटात सात किलो कोरडा पदार्थ मावतो असे धरले तर दोन्हींचे ७.७८ किलो लागेल. कडबा ७८ रुपयांचा, भुसकट ४७ रुपयांचे. भुसकटात ३१ रुपये वाचले.

पण कडब्यातून पचलेले ३.६४ किलो मिळाले, भुसकटातून २.८ किलो. तूट ८४० ग्रॅमची. ती ३० रुपये किलोच्या, तितक्याच कोरड्या पदार्थाच्या आणि ७० टक्के पचणाऱ्या खुराकाने भरायची तर १.३३ किलो खुराक, म्हणजे ४० रुपये. खुराकाबरोबर थोडी प्रथिने येतील हे खरे, पण दुधाच्या गाईला ३१ वाचवून ४० घालवायचा हा सौदा झाला. तीच गोष्ट भाकड गाईची किंवा कामाविना बसलेल्या बैलाची असेल तर तूट भरायची गरज नाही, आणि भुसकट फायद्याचे. माझे मत विचाराल तर एकाच गोठ्यात दोन वैरणी ठेवाव्यात आणि दावणीनुसार टाकाव्यात. आणि हो, कडबा शेकडा पेंढ्यांवर विकला जातो, किलोवर नाही. हा हिशेब करण्याआधी दहा पेंढ्या काट्यावर टाका.

विष आणि माती

आम्लात न विरघळणारी राख म्हणजे वाळू-माती. भारतीय मानकाने गोळीखाद्याच्या दुसऱ्या प्रतीला तिची कमाल मर्यादा ४ टक्के ठेवली आहे. चुनीत ती याहून वर दिसली तर खळ्याची झाडलोट पोत्यात आली असे समजा. भाताच्या पेंढ्यात मात्र ती मुळातच जास्त असते, ती सिलिका. तिथे व्यापाऱ्याला दोष देऊ नये.

अफ्लाटॉक्सिन बी-१ ची तपासणी सरकी, भुईमूग आणि मक्याच्या मालावर पावसाळ्यात करून घ्याच. गाईने खाल्लेल्या बी-१ चा काही अंश एम-१ होऊन दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची दुधातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. बुरशी पोत्यात एका कोपऱ्यात असते, म्हणून या तपासणीला अर्धा किलो पुरत नाही. दोन-तीन किलो काढून सगळे दळा आणि त्यातला भाग पाठवा. डीडीजीएसमध्ये मक्यातले पीठ निघून गेलेले असते, त्यामुळे मूळ दाण्यातले विष जवळपास तिपटीने दाट होऊन येते.

वाढे आणि पेंढा यांत ऑक्झॅलेट असते; ते कॅल्शियम धरून ठेवते. रिपोर्टवर कॅल्शियम भरपूर दिसूनही गाय व्याल्यानंतर खाली बसते ती कधीकधी यामुळे. ऊसपट्ट्यात महिनोन्महिने वाढ्यांवरच जनावर असेल तर खनिज मिश्रण टाळू नका. कोवळ्या ज्वारीने किराळ लागते ती भीती नीट वाळलेल्या कडब्यात फारशी उरत नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. रिपोर्ट वाईट आला म्हणून वैरण फेकायची नसते. १०० किलो गव्हांड्यावर किंवा पेंढ्यावर ४ किलो युरिया ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडला, थर दाबून २१ दिवस हवाबंद झाकला, तर प्रथिने दुप्पट होतात आणि पचनीयताही वाढते. सहा महिन्यांखालच्या वासरांना ही वैरण देऊ नये, आणि युरिया कधी नुसता पाण्यातून पाजू नये. सोयाबीन-तुरीच्या भुसावर या प्रक्रियेचा परिणाम फार कमी होतो, तिथे युरियाचे पैसे वाया घालवू नका. प्रक्रियेआधी एक आणि नंतर एक, असे दोन नमुने पाठवलेत तर आपले काम जमले की नाही तेही कळेल.

कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठांत किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या पशुपोषण विभागांत चौकशी करा; कोणती तपासणी कुठे होते आणि दर काय, ते फोनवर कळते. नमुना मात्र रब्बीची ज्वारी काढून पेंढ्या अजून रानात पडलेल्या असताना, फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या. एकदा गंजी रचून वर ताडपत्री पडली की मधली पेंढी उपसायला कोणी चढत नाही.